दत्तक गाय, दत्तक मेंढी आणि शहराची जबाबदारी

थंडी सुरू झाली, की पुण्याच्या आसपासच्या कृषी पर्यटन केंद्रांकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. हुर्डा, चुलीवरची भाकरी, बैलगाडीची फेरी आणि कोकराला हात लावून पाहण्याची मुलांची हौस, एवढ्यात शहरी कुटुंबाचा दिवस आनंदात जातो. या सहलीत जनावर हे आजवर पाहण्याची गोष्ट होते. आता त्याच्याशी वर्षभराचे नाते जोडण्याची कल्पना पुढे येऊ लागली आहे. ठरावीक रक्कम भरायची, एखादी गाय, शेळी किंवा मेंढी 'दत्तक' घ्यायची, तिचे छायाचित्र व प्रमाणपत्र घरी न्यायचे, सवडीने तिला भेटायला जायचे आणि जमल्यास तिच्या दुधातला वा लोकरीतला वाटाही घ्यायचा, असे या कल्पनेचे ढोबळ स्वरूप आहे.

कल्पना आकर्षक आहे, यात शंका नाही. शेतकऱ्याला दुधाच्या दरावर अवलंबून नसलेले उत्पन्न मिळते, शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून येत नाही हे कळते आणि मागे पडत चाललेल्या देशी जातींना आधार मिळण्याची शक्यता निर्माण होते. तथापि जनावर ही काही सहलीपुरती उभी केलेली वस्तू नव्हे. पर्यटक संध्याकाळी परत जातो; गोठ्यातली वैरण, शेण आणि आजारपण मागे राहते. म्हणूनच या नात्यात पैसा कोणाला मिळतो, जबाबदारी कोणावर राहते आणि ती किती वर्षांची असते, याचा हिशेब उत्साहाच्या भरात राहून जाता कामा नये.

आब्रुझ्झोचा धडा

पशुपालनाशी पर्यटनाची अशी सांगड घालण्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण इटलीतील आहे. मध्य इटलीच्या आब्रुझ्झो या डोंगराळ प्रदेशात आन्व्हेर्सा नावाचे छोटे गाव आहे. तरुण शहरांकडे निघून गेलेले, कळप कमी झालेले, लोकरीला भाव नाही, अशी या गावाची अवस्था होती. तेथील मेंढपाळांच्या एका सहकारी संस्थेने या शतकाच्या आरंभी 'मेंढी दत्तक घ्या' अशी योजना काढली. वार्षिक रक्कम भरणाऱ्याला मेंढीचे प्रमाणपत्र मिळे आणि त्याबरोबर त्या कळपाचे चीज, लोकर यांसारखी उत्पादने घरी येत. पुढे लोक आपली मेंढी पाहायला गावात येऊ लागले आणि त्यातून मुक्कामाचा व्यवसाय उभा राहिला.

या यशाचे कारण केवळ कल्पकता नव्हे. दत्तकपत्राच्या मागे खराखुरा कळप होता, त्याचे उत्पादन विकण्याजोगे होते आणि योजना मेंढपाळांच्याच हाती होती. शिवाय इटलीने कृषी पर्यटनासाठी १९८५ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. पर्यटन हे शेतीला पूरक असले पाहिजे, शेतीची जागा त्याने घेता कामा नये, हे त्या कायद्याचे मूलतत्त्व. पाहुण्यांसाठी चार जनावरे बांधून ठेवलेले हॉटेल आणि पाहुण्यांचे स्वागत करणारा शेतकरी यांतला फरक तेथे कायद्यानेच ठरविला होता. आब्रुझ्झोचे मेंढपाळ शतकानुशतके हिवाळ्यात कळप घेऊन दक्षिणेच्या पुलिया प्रांतातील मैदानात उतरत आणि उन्हाळ्यात डोंगरावर परतत. या हंगामी स्थलांतराच्या परंपरेला 'युनेस्को'ने २०१९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

इंग्लंडमधील उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. डेव्हन परगण्यात १९६९ मध्ये स्थापन झालेली 'डाँकी सँक्च्युअरी' ही संस्था सोडून दिलेल्या व छळ झालेल्या गाढवांचा सांभाळ करते. तेथे गाढव 'दत्तक' घेणाऱ्याला उत्पादनातला वाटा मिळत नाही. त्याने दिलेली रक्कम ही सरळसरळ देणगी असते. या दोन नमुन्यांत मूलभूत फरक आहे. इटलीत ग्राहक शेतकऱ्याच्या धंद्यात आगाऊ भागीदार होतो, तर इंग्लंडमध्ये दाता निराधार प्राण्याचा पालक होतो. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ होण्याचा धोका आहे.

आपल्याकडील तीन वाटा

प्राणी दत्तक घेण्याची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघ, बिबटे यांचे वार्षिक पालकत्व घेण्याची योजना आहे. तेथे रक्कम उद्यानाच्या व्यवस्थेला मिळते आणि प्राण्याची जबाबदारी निर्विवादपणे सरकारची राहते. दुसरी वाट गोशाळांची. अनेक गोशाळा महिन्याच्या किंवा वर्षाच्या चाऱ्याचा खर्च घेऊन 'गाय दत्तक' देतात. वाढदिवस, पुण्यतिथी, वसुबारस अशा निमित्तांनी शहरातली माणसे ती रक्कम श्रद्धेने भरतात. हा धर्मादाय व्यवहार आहे आणि देणाऱ्यालाही त्याची पूर्ण जाणीव असते.

तिसरी वाट कृषी पर्यटनाची असून तिचे मूळ पुणे जिल्ह्यातच आहे. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू केले आणि पुढे राज्यभर शेतकऱ्यांना या व्यवसायाकडे वळविले. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर करून या धंद्याला अधिकृत चौकट दिली. म्हणजे प्राण्यांच्या पालकत्वाची सवय आहे, कृषी पर्यटनाचे जाळे आहे आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर लाखो ग्राहकांचे शहर आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पर्यटनासाठी जनावर दत्तक देण्याची कल्पना सुचणे स्वाभाविकच होते.

'दत्तक' शब्दाचे वजन

मात्र आपण शब्द कोणता वापरतो, याचा विचार करायला हवा. मराठीत 'दत्तक' या शब्दाला इतिहास आहे आणि कायद्याचे वजन आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ मध्ये लागू झाला. त्यानुसार विधिवत झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. दत्तक मुलाला घरात पूर्ण हक्क मिळतो आणि पालकाला मागे फिरता येत नाही. याउलट जनावराचे दत्तकपत्र सहसा एका वर्षाचे असते. पुढल्या वर्षी हप्ता भरला नाही, की नाते संपते. म्हणजे शब्द आयुष्यभराचा आणि करार बारा महिन्यांचा.

हा केवळ शब्दच्छल नाही. दत्तक घेतलेल्या गाईला आपण भेटायला जातो, तिला नाव देतो, मुलांना तिचा लळा लागतो. वर्षाने ती गाय कोठे गेली, असे मुलाने विचारले तर उत्तर काय द्यायचे? शेतकऱ्याने ती विकली असेल, तर त्याने विश्वासघात केला असे शहराला वाटणार. आणि न विकता ती पोसत राहावे, अशी शहराची अपेक्षा असेल, तर त्या पोसण्याचा खर्च कोण देणार? 'दत्तक' या शब्दाने हा प्रश्न झाकला जातो. 'वार्षिक पालकत्व' किंवा 'सहभाग' असा साधा शब्द वापरला, तर निदान अपेक्षा तरी खऱ्या राहतील.

भाकड वर्षांचा प्रश्न

या व्यवहारातील खरी अडचण दुभत्या गाईची नाही. दुभती गाय आपला खर्च बऱ्यावाईट रीतीने भागवते. गाय चांगली सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते आणि तिचे दुभते आयुष्य त्याच्या जेमतेम निम्मे असते. उरलेल्या भाकड वर्षांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक गोठ्यासमोर आहे. राज्यात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. या बंदीचे समर्थन आणि विरोध या दोन्ही बाजू आजवर पुष्कळदा मांडून झाल्या आहेत. त्या वादात न शिरताही एक व्यावहारिक परिणाम नाकारता येत नाही: थकलेला बैल विकून नव्या बैलाच्या पैशांत भर घालण्याचा शेतकऱ्याचा मार्ग बंद झाला आणि त्या जनावराचा उरलेल्या आयुष्याचा खर्च त्याच्याच माथी आला.

हा खर्च किती असतो, याचा एक अधिकृत मापदंड उपलब्ध आहे. राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' असा दर्जा दिला आणि त्याच सुमारास नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येक गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. ५० रुपयांत मोठ्या जनावराचे पोट पुरते भरत नाही, हे कोणताही पशुपालक सांगेल. तरीही हाच आकडा धरला, तर वर्षाचे १८,२५० रुपये होतात. भाकड काळ आठ वर्षांचा मानला, तर एका गाईमागे १,४६,००० रुपये. एवढी रक्कम ज्याच्याकडे दोन-तीन गाई आहेत, अशा शेतकऱ्याने कोठून आणावी?

येथे आणखी एक विसंगती दिसते. हीच गाय गोशाळेत गेली तर तिला अनुदान मिळते. शेतकऱ्याच्या गोठ्यात राहिली तर नाही. साहजिकच, शेतकऱ्याने ती सांभाळण्यापेक्षा सोडून देणे सोयीचे ठरते. पर्यटनातून येणाऱ्या पालकत्वाच्या पैशाला काही सामाजिक अर्थ असेल, तर तो येथे आहे. जे जनावर बाजाराच्या हिशेबात बसत नाही, ते मालकाच्याच दावणीला राहावे यासाठी शहराने वाटा उचलणे, हा या योजनेचा खरा उपयोग ठरू शकतो.

पण पर्यटक कोणते जनावर निवडेल? खिल्लारचे उंच शिंगांचे पांढरेशुभ्र खोंड किंवा नुकते उभे राहिलेले वासरू सर्वांना हवेसे वाटते. जिच्या दुधावर पुणे शहर वाढले, त्या संकरित गाईचे काळे-पांढरे गोऱ्हे मात्र कोणालाच नको असते. पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतन व संकरीकरणातून ग्रामीण कुटुंबांच्या हाती दुधाचा पैसा दिला. त्या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु ट्रॅक्टर आल्यावर संकरित नराला शेतावर काम राहिले नाही. कत्तलबंदीचा कायदा त्यालाही लागू आहे. अनुदान आणि कौतुक मात्र देशी गाईच्या वाट्याला येते. निवड पर्यटकाच्या आवडीवर सोडली, तर पालकत्वाचा पैसाही आधीच लाडक्या असलेल्या जनावरांकडे जाईल.

देशी जातींना आधाराची गरज नाही, असा याचा अर्थ नव्हे. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यातील देशी गाईंची संख्या ४६,१३,६३२ इतकी होती आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत ती २०.६९ टक्क्यांनी घटली होती. पश्चिम महाराष्ट्राची खिल्लार, सह्याद्रीच्या पावसात टिकणारी डांगी, मराठवाड्याची देवणी व लाल कंधारी, विदर्भाची गवळाऊ या जाती त्या त्या हवामानाने घडविल्या आहेत. त्या गमावल्या तर पुन्हा निर्माण करता येणार नाहीत.

शर्यतीने दिलेली किंमत

करमणुकीमुळे जनावराला किंमत येते आणि त्यामुळे जात टिकते, असा एक युक्तिवाद केला जातो. त्याचे ताजे उदाहरण बैलगाडा शर्यतीचे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशा शर्यती थांबविल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. शर्यती पुन्हा सुरू होताच पळाऊ खिल्लार खोंडांचे भाव चढले, हे खरे आहे.

पण हा लाभ कोणाला झाला? पळणाऱ्या निवडक नरांना. शर्यतीत न उतरणारी गाय आणि पळण्यात मागे पडलेला बैल यांच्या नशिबात त्याने फारसा फरक पडला नाही. दत्तक योजनेचेही असेच होऊ शकते. देखण्या, शांत, छायाचित्रात चांगल्या दिसणाऱ्या एका जनावरामागे दहा पालक आणि बाकीच्या नऊ जनावरांमागे कोणीच नाही. यावर उपाय एकच: पालकत्व एका जनावराचे न देता कळपाचे किंवा गोठ्याचे द्यावे. पाहुण्याने कपिलेला हवे तर नाव ठेवावे; पैसा मात्र सगळ्या दावणीला मिळावा.

दाराशी असलेला आब्रुझ्झो

इटलीतील उदाहरण मेंढीचे आहे, हा योगायोग पुण्याने लक्षात घेण्याजोगा आहे. पावसाळा संपला, की फलटण, माण, बारामती, दौंड या कमी पावसाच्या पट्ट्यातील धनगर कुटुंबे मेंढ्यांचे कळप, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे निघतात. काही मावळात थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून घेतात. लेंड्या आणि मूत्र यांचे खत जमिनीला मिळते आणि त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळते. आब्रुझ्झोतील परंपरेची ही सख्खी बहीण म्हणावी लागेल. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी पुण्यात राहून धनगरांच्या देवतांचा व मौखिक परंपरांचा आयुष्यभर अभ्यास केला. तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती काटेवाडीत होणारे मेंढ्यांचे रिंगण पाहायला दरवर्षी हजारो लोक जमतात. आकर्षण आहे, परंपरा आहे. तिच्यातून मेंढपाळाच्या पदरात मात्र काही पडत नाही.

मेंढपाळाची आजची स्थिती बिकट आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि काळी. घोंगडीची मागणी ओसरल्यावर तिचा भाव इतका खाली आला, की कातरणीची मजुरी सुटणेही कठीण झाले. चराईची कुरणे कमी झाली, वनक्षेत्रात बंदी आली, शहराच्या कडेची माळराने घरबांधणीत गेली आणि पूर्वीच्या पायवाटांचे महामार्ग झाले. काटक दख्खनीऐवजी मांसाला अधिक उतरणाऱ्या माडग्याळसारख्या जातींकडे ओढा वाढला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचे जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात विकसित केली. मेंढपाळाच्या उत्पन्नाचा प्रश्न शास्त्राने कसा हाताळावा, याचा तो नमुना आहे. मेंढी व शेळी विकासासाठी राज्य सरकारचे स्वतंत्र महामंडळ असून त्याचे मुख्यालय पुण्यातच, गोखलेनगरला आहे. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले.

असे असूनही शहराला मेंढपाळ दिसतो तो वाहतूक अडविणारा म्हणून. पालकत्वाच्या योजनेला पुण्यात कोठे सुरुवात करायची असेल, तर ती येथून करावी. एखाद्या वाड्याच्या, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या कळपाला शहरातल्या पन्नास कुटुंबांनी वर्षभरासाठी आधार दिला, बदल्यात घोंगडी, जेन किंवा लेंडीखत घेतले आणि तळावर एक दिवस घालवला, तर लोकरीलाही गिऱ्हाईक मिळेल. अर्थात फिरत्या कुटुंबाच्या तळावर पाहुणे नेताना त्यांच्या खासगीपणाचा मान राखावा लागेल. मेंढपाळ हा यजमान असावा. प्रदर्शनातील वस्तू होऊ नये.

नफ्याचे आमिष नको

या कल्पनेला एक काळोखी बाजूही आहे. जनावराच्या नावाने पैसा गोळा करणे सोपे असते. १९९० च्या दशकातील सागवान लागवडीच्या योजना ज्यांना आठवतात, त्यांना 'झाड तुमचे, सांभाळ आमचा, परतावा दसपट' ही भाषा ओळखीची वाटेल. त्या अनुभवानंतरच 'सेबी'ने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. पुढे २०१२ मध्ये तमिळनाडूत इमूपालनाचा फुगा फुटला आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातील कडकनाथ कोंबडीच्या प्रकरणाने अनेक शेतकऱ्यांना कर्जात लोटले. दर वेळी पक्षी किंवा झाड वेगळे होते, वचन तेच होते.

म्हणून दत्तक योजनेत 'परतावा' हा शब्द आला, की सावध व्हावे. दुधाचा, तुपाचा किंवा खताचा वाटा ही आगाऊ खरेदी आहे. तिची मात्रा व किंमत लिहून देता येते. चाऱ्याचा खर्च ही देणगी आहे. तिची पावती देता येते. रक्कम वाढून परत मिळेल असे सांगणे ही गुंतवणूक आहे आणि तिला वेगळे कायदे लागू होतात. योजना चालविणाऱ्याने यांपैकी आपण काय विकतो आहोत, हे पहिल्याच ओळीत सांगितले पाहिजे.

ग्रामीण व्यवहारात जनावराच्या भागीदारीची रीत जुनी आहे. शेळी अर्धलीने देण्याची पद्धत अनेक गावांत आहे: शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, करडे निम्मी-निम्मी. या रीतीत सांभाळणाऱ्याचा वाटा आधी ठरलेला असतो आणि शेळी मेली तर काय, हेही दोघांना ठाऊक असते. शहरी दत्तकपत्रात नेमके हेच नसते. लम्पी त्वचारोगाने २०२२ मध्ये राज्यात गोवंशाचे मोठे नुकसान केले. सरकारने दुभत्या गाईसाठी ३०,००० आणि बैलासाठी २५,००० रुपये मदत दिली. अशा साथीत दत्तक गाय दगावली, तर पालकाच्या रकमेचे काय, ही बाब करारात असावी. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन केंद्रे महिनोन् महिने बंद राहिली, तेव्हाही दावणीच्या जनावरांना दोन वेळची वैरण लागतच होती. केवळ पाहुण्यांच्या येण्यावर उभा असलेला गोठा अशा वेळी सर्वांत आधी कोलमडतो.

जनावराची बाजू

या सगळ्या व्यवहारात ज्याचे मत कोणी विचारीत नाही, ते म्हणजे जनावर. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० नुसार जनावराला अनावश्यक वेदना होऊ न देणे, हे ते ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कर्तव्य आहे. पर्यटनातील त्रास क्रूरतेच्या व्याख्येत बसत नाही, पण तो त्रास असतोच. दिवसभर अनोळखी हात, गोंगाट, छायाचित्रांसाठी उचलून घेतलेले कोकरू, रखरखत्या उन्हात बैलगाडीच्या लागोपाठ फेऱ्या. प्रेमाने भरविलेल्या पोळ्या आणि गोडधोड हे तर रवंथ करणाऱ्या जनावराला घातकच. अशा पिठूळ खाण्याने पोटात आम्लता वाढून जनावर दगावूही शकते. शिवाय कच्चे दूध पिण्याच्या हौसेतून माणसाला ब्रुसेल्लोसिससारखा आजार जडू शकतो. भेटीची वेळ मर्यादित ठेवणे, पिलांना आईजवळ राहू देणे, बाहेरचे खाणे बंद करणे, हात धुण्याची सोय आणि पशुवैद्यकाची नियमित तपासणी या गोष्टी सुखसोयी नसून अटी असल्या पाहिजेत.

काय करता येईल

पर्यटन विभागाकडे कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी होते. त्याच चौकटीत जनावरांच्या पालकत्वाच्या योजनांसाठी एक नमुना करार देणे सरकारला अवघड नाही. जनावर कोणाच्या मालकीचे, रक्कम कशासाठी, ती परत मिळणार की नाही, जनावर आटले, विकले किंवा मेले तर काय, विमा कोण उतरविणार, भेटी किती, एवढे मुद्दे एका पानात बसतात. दर पालकत्वातील ठरावीक हिस्सा भाकड काळासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट त्यात असावी. गोशाळेच्या अनुदानासारखीच मदत नोंद केलेल्या भाकड गाईसाठी शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचविता येईल का, याचाही विचार व्हावा. मेंढी-शेळी महामंडळाने दोन-चार वाड्यांबरोबर प्रयोग करून पाहावा आणि सहकारी संस्थांना त्यात पुढे करावे.

यावर एक आक्षेप येईल. दुधाला रास्त भाव मिळाला तर अशा दयेच्या योजनांची गरजच काय? आक्षेपात तथ्य आहे. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे दर इतके कोसळले, की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. दत्तकपत्रांनी हा प्रश्न सुटणार नाही आणि सुटेल असा आव कोणी आणू नये. दूध उत्पादकांची संख्या लाखांत आहे. पर्यटक ज्यांच्या दारी पोचेल, असे शेतकरी शहराभोवतीचे काही शे असतील. पण दुधाच्या भावात खिल्लारच्या वंशाची किंमत नसते, माळरानाची नसते आणि थकलेल्या बैलाच्या म्हातारपणाचीही नसते. बाजाराने न मोजलेल्या या गोष्टींसाठी शहराने आपल्या खिशातून काही द्यावे, ही मागणी दयेची म्हणता येणार नाही. शहर ज्या प्रदेशाचे पाणी, दूध आणि जमीन वापरून वाढले, त्या प्रदेशाचे ते देणे आहे.

पालकत्वाची योजना खरी की दिखाऊ, हे ओळखण्याची कसोटी अवघड नाही. दुभत्या गाईला आणि गोजिरवाण्या कोकराला पालक मिळतीलच. पुण्यातील एखादे कुटुंब आटलेल्या गाईचा किंवा औतातून सुटलेल्या बैलाचा वर्षाचा खर्च उचलेल आणि दुसऱ्या वर्षीही त्याच दावणीशी परत येईल, तेव्हाच 'दत्तक' हा शब्द वापरण्याचा अधिकार शहराला मिळेल.